गाठोड्याबाहेरची वेणी

दिवाळी सरली की आर्णीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. पण कापसाने भरलेली गाडी बाभळीखालून गेली की काटे आपापला वाटा ओढून घेतात, आणि महिनाभरात सगळ्या रस्त्याला पांढरी दाढी येते. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते. ऑटोत, टेम्पोत बाया दाटीवाटीने उभ्या असतात, डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, हातात डबा. कापसाचा वेचा सुरू झालेला असतो. मी शाळेत जायला स्कूटी काढते तेव्हा रोज त्या भेटतात. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे आधी बघत नाही. दोन बायांच्या मध्ये, कमरेच्या उंचीवर, कुठे एखादी वेणी दिसते का ते बघते. ही खोड मला एका हंगामाने लावली.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत फोनवर एक कार्टून आलं. बालहक्कांवर. मुलांना दाखवा आणि दाखवत असल्याचा फोटो पाठवा, असा निरोप. टाय घातलेला एक गोरा मुलगा, आकाशातून उतरणारी परी, परीच्या कांडीतून चांदण्यांसारखे हक्क पडतात. मुलांनी मन लावून बघितलं. फोन चालू असला की मुलं काहीही मन लावून बघतात. संपल्यावर मी विचारलं, काय समजलं? मागच्या बाकावरचा एक म्हणाला, बाई, परीची कांडी चार्जिंगची असन. वर्ग हसला. मी पण हसले, आणि फोन बंद करून खडू उचलला. फळ्यावर एक तराजू काढला, तराजूत एक गाठोडं काढलं, आणि गाठोड्याच्या गाठीतून बाहेर लोंबणारी एक वेणी. पुढच्या बाकावरच्या एका मुलीचा हात आपल्या वेणीकडे गेला. काही सांगायची गरजच पडली नाही.

फोटो मी पाठवला नाही. विचारतील तेव्हा बघू.

हे चित्र माझं नाही. माझं असतं तर मी तसं सांगितलं असतं, कारण मी लपवणाऱ्यातली बाई नाही. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन. हे मी विचारलं तरी सांगते, न विचारलं तरी सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अब्बा पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागच्या पाट्या आणि मोटरसायकलींच्या नंबर प्लेटी. आर्णीच्या स्टँडजवळ त्यांची टपरी होती, आणि माझी पदवी त्यांनी त्या टपरीत, टर्पेंटाइनच्या डब्यांच्या वर, खिळ्याला टांगली होती. नंबर प्लेट करायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती वाचावी लागायची. अब्बांना मराठी वाचता येत होतं, पण ते गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेत. माझं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं.

मुसलमानाच्या पोरीने मराठीत बी.ए. कसं केलं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. जसं सगळे करतात तसंच केलं, अभ्यास करून.

मी बी.ए. झाले ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या वर्षांवर फार लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालणार नाही. एवढंच सांगते की आमच्या जिल्ह्यात तेव्हा पाहुणे फार येत. पांढऱ्या गाड्या, गळ्यात कॅमेरे, खिशात पाण्याच्या बाटल्या. ते जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरांत जात, उंबऱ्यात बसलेल्या बाईचा फोटो काढत, आणि शेजारी पोर हसत असलं तर त्याला हसू नको म्हणत. पोरांना ते पाठ झालं होतं. गाडीचा आवाज आला की गावातली पोरं एकमेकांना सांगत, चला, तोंड पाडाले चला. आणि तोंड पाडून ओळीत उभी राहत, आणि गाडी गेली की पोटं धरून हसत. मला त्या हसण्याचा आजही अभिमान आहे. सगळा देश आमच्याकडे दया घेऊन येत होता आणि आमची पोरं त्याची नक्कल करत होती.

त्याच वर्षांत यवतमाळच्या एका संस्थेला आमच्यासारखी पाचसहा शिकलेली माणसं हवी होती. काम काय, तर गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना कार्टूनमधून त्यांचे हक्क शिकवायचे. मला आर्णीपासून सायकलने तासाभरावरचं एक गाव मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात. सोबत मिळाली चित्रांची एक गुंडाळी, मागून कापड लावलेली, बारा चित्रांची. त्यात सोनू नावाचा मुलगा होता. गोल चेहरा, पट्ट्याची चड्डी, पायात बूट. पहिल्या चित्रात सोनूला नाव मिळतं, दुसऱ्यात त्याला लस टोचतात, असं करत करत सातव्या चित्रात मिशीवाला जमीनदार हातात हंटर घेऊन सोनूकडून कापूस वेचून घेतो. तिथे मी थांबायचं होतं आणि विचारायचं होतं, मुलांनो, हे योग्य आहे का?

मी थांबले. विचारलं. मुलं हसायला लागली. आधी मुली, मग सगळा वर्ग. मला वाटलं माझ्या परकराची नाडी बाहेर आली.

झालं असं होतं की सोनू टाचा उंच करून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, शेंड्यावरचं बोंड, गुलाबाचं फूल तोडावं तसं, देठासकट तोडत होता. आणि बांबूच्या टोपलीत टाकत होता. एक मुलगी उठून उभी राहिली आणि तिने मला, बी.ए. झालेल्या बाईला, शिकवलं. बोंड तोडायचं नसते. पाची बोटं आत घालून कापूस तेवढा ओढायचा असते, टरफल झाडालेच राह्यते. टोपली नाही नेत, कमरेले ओटी बांधतेत. आणि वरचं बोंड पोरगं नाही वेचत, वरचं माय वेचते. पोराचं खालचं असते.

मग तिने गुंडाळीच्या जवळ येऊन चित्र नीट बघितलं, सोनूच्या मागे, जमीनदाराच्या मागे, कोपऱ्यात.

“याची माय कुठी हाय?” तिने विचारलं.

बारा चित्रांत सोनूची माय कुठेच नव्हती. शहरातल्या चित्रकाराला जमीनदार आठवला होता, हंटर आठवला होता. आमच्या भागात हंटर मी कुठे बघितलेला नाही. पोराला शेतात कोण नेतं हे त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं. माय नेते. बोट धरून नेते, जाताना डब्यातली अर्धी भाकर त्यालाच देते, आणि कापूस वेचून घेते. या गोष्टीवर कार्टून कसं काढायचं ते गुंडाळीत लिहिलेलं नव्हतं.

हक्क या शब्दाचंही तसंच. हक्क म्हणजे काय, असं मी विचारलं. मग एकाने सांगितलं, माह्या आत्यानं सोडला तो. शेताच्या कागदावर बहिणी अंगठा देतात, हक्कसोड म्हणतात त्याला, ते त्याने बघितलं होतं. त्या पोरांच्या आयुष्यात हा शब्द आला होता तो असा. सोडण्यासाठी. संध्याकाळी सायकल मारत घरी येताना मला रागच राग येत होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं. थोडा सोनूवर, बराचसा स्वतःवर.

अब्बांना सगळं सांगितलं. ते एका ट्रकवर मोर काढत होते. ब्रश न थांबवता त्यांनी विचारलं, चित्रांच्या मागची बाजू कोरी आहे का? कोरी होती. मग झालं तर, म्हणाले, आणि त्यांच्या धंद्याची किल्ली मला तिथेच देऊन टाकली.

“सब मत बना बेटा. एक चीज बडी कर. बाकी आदमी खुद देख लेता.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गुंडाळी उलटी टांगली. मुलं काढायला लागली. मी फक्त एकच विचारायचे, यात मोठं काय करायचं? एकाने मास्तरांची झोप मोठी केली. एकाने खिचडीचं भांडं एवढंसं काढलं आणि भोवती प्रचंड तोंडं. एका मुलीने शाळेच्या संडासाला किल्ल्याएवढं कुलूप काढलं, आणि त्या कुलपाची किल्ली मोठ्या सरांच्या कानावर अडकवलेली, जानव्यासारखी. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, भला माणूस. त्यांनी ते चित्र बराच वेळ बघितलं आणि संडास उघडून दिला. गुंडाळीतल्या चौथ्या चित्रात आरोग्याचा हक्क होता. तो सोनूने कधी मिळवून दिला नाही, कुलपाने दिला.

पण जिने मला बोंड वेचायला शिकवलं ती मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात नव्हती. तिसऱ्याही नव्हती. तिचं नाव रंजना, सातवीत, वर्गात सगळ्यात चांगला हात तिचाच. मोठ्या सरांनी हजेरीचा कागद दाखवला. दिवाळीनंतर ती मोजून चार दिवस आली होती, त्यातला एक माझा. सर हळूच म्हणाले, असंच राहिलं तर तिचं वर्ष जाईल, आणि या वयात पोरीचं वर्ष गेलं की परत काही ती येत नाही. सातवीच्या पुढची शाळा आर्णीला. घरचे म्हणतील, नापास पोरगी कशाला पाठवायची. सरांनी हे आधी पाहिलं होतं, एकदा नाही.

म्हणून मी शेतात गेले. बापूरावांचं शेत, गावाला लागून. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अजून सीतादहीची खूण होती. पहिल्या वेच्याच्या दिवशी धुऱ्यावर दगड मांडून दहीभात ठेवतात आणि पऱ्हाटीच्या दोन झाडांना कापसाच्या धाग्याने बांधतात, तो धागा दहिवराने ओला होऊन चमकत होता. पुढे बायांची रांग. रंजनाची माय कांताबाई आपल्या ओळीत वरचा कापूस वेचत चालली होती आणि तिच्या गुडघ्याजवळ, पानांत, रंजना. दोघींचे चार हात एका झाडावर असे चालत होते की त्या एकच बाई वाटाव्यात. मी ओटी बांधली आणि खाली वाकले. वाळलेल्या टरफलाची टोकं सुईसारखी असतात. दहा मिनिटांत माझ्या नखांच्या कडांना रक्त आलं. अर्ध्या तासात कंबर गेली. रंजना बाजूने बघत होती, हसू दाबत.

तिला मी विचारलं, शाळेत काहून येत नाहीस? माझ्या तोंडून प्रश्न गुंडाळीसोबतच्या सूचनांत होता तसाच आला, ते मला बोलतानाच कळलं.

“मायची कंबर दुखते,” ती म्हणाली. “खालची बोंडं कोण वेचन?”

सांगते ना, मी बी.ए. आहे, पण मी पुढचं खालचं बोंड वेचायला घेतलं. सोनूला जमीनदारापासून सोडवायचं होतं. या मुलीला कोणापासून सोडवायचं होतं? ती मायवर जीव लावून शाळा चुकवत होती. कांताबाईने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या झाडाला हात घातला. तिचा नवरा यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात, रविवारी येई. बाकी सहा दिवस घरात या दोघीच.

संध्याकाळी वजन झालं. कडुलिंबाच्या फांदीला वजनाचा काटा टांगलेला, बाया आपापलं गाठोडं लावत, बापूराव काळ्या चष्म्यातून बघून वजन बोलत, त्यांचा मुलगा वहीत नाव लिहीत. कांताबाईचं गाठोडं सगळ्यांत मोठं. बापूरावांनी कौतुक केलं, म्हणाले, कांते, तुहा हात कोणाले नाही. बाया हसल्या. वहीत कांताबाईचं नाव लागलं. रंजना बाजूला उभी राहून वेणीतला कापूस काढत होती. तिचे दोन हात सकाळपासून त्या गाठोड्यात होते आणि ते कुठल्याच वहीत नव्हते. शाळेच्या वहीत गैरहजर, शेताच्या वहीत नाहीच. दिवसभर ती मुलगी होती कुठे?

मी हे तिला बोलले नाही. शपथेवर सांगते. मी फक्त रविवारी, वेचा बंद होता तेव्हा, शाळेच्या ओट्यावर मुलांना बोलावलं आणि कोळसा दिला. संस्थेचे पाहुणे यायचे होते, शाळेची रस्त्याकडची भिंत आम्हांला चित्रांसाठी मिळाली होती. मोठं काय करायचं, एवढंच मी विचारलं. रंजनाने लिंबाची फांदी काढली, काटा काढला, आणि मग गाठोडं काढायला लागली आणि थांबेचना. गाठोडं वाढत वाढत खिडकीला टेकलं. काटा मोडेल असं ते गाठोडं. मग तिने वर गाठ मारली, आणि गाठीतून एक वेणी बाहेर सोडली, खाली, जमिनीपर्यंत.

बाकीची मुलं सगळी एकदम बोलायला लागली. माहीपण काढ. माह्या भावाचीपण. एकाने गाठोड्याशेजारी वजन करणारा माणूस काढला आणि त्याला काळा चष्मा घातला, टायरएवढा. गावात काळा चष्मा एकाच माणसाला होता. सगळे लोळून हसले. मी पण हसले. त्या हसण्याबद्दल पुढे सांगते.

रंग म्हणजे आमच्याजवळ काय होतं? गेरू, नीळ, चुना. सगळे पाण्याचे. कोळशाची वेणी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाठीला लागून पुसत होती, रंजना ती पुन्हा पुन्हा काढत होती. शेवटी ती म्हणाली, ताई, न जाणारा काळा नाही का तुमच्याजवळ? होता. अब्बांच्या टपरीतला नंबर प्लेटचा काळा. ऑइलचा. मी डबीभर आणला. पूर्ण भिंत पाण्याच्या रंगाची आणि फक्त वेणी ऑइलची. तिने ती पेड पेड करून भरली, जीभ दातांत धरून, शेवटी तांबड्या फितीची गाठ.

दोन दिवसांनी बापूरावांनी भिंत बघितली.

बापूराव वाईट माणूस नव्हते, हे मला लिहावंच लागेल. शेतात बायांसाठी पाण्याचा माठ ते स्वतः भरून ठेवत. दुपारी गुळाचा चहा देत. शाळा समितीचे अध्यक्ष तेच, झेंडावंदनाला मुलांना गोळ्या वाटणारे तेच. म्हणून तर आमची ती भिंत त्यांना चांगलीच टोचली. ते ओरडले नाहीत. मला ओट्यावर बसवलं आणि शांतपणे बोलले.

“बाई, तुमी आर्णीच्या. परवा पाहुणे येतीन, फोटो काढतीन, मंग तुमी घरी जासान. मले याच गावात राह्यचं हाय.”

पेपरात येईल, म्हणाले, की अमक्या गावात लेकरं राबवतात. आधीच जिल्ह्याचं नाव काय झालं ते बघताच आहात. मग उठले आणि जाताना, भिंतीकडे न बघता, म्हणाले की ज्यायले चित्रांची हौस हाय त्यायनं उद्यापासून चित्रंच काढावीत, वेचाले येऊ नये. मला नाही, गावाला ऐकू जाईल असं.

मी यवतमाळला संस्थेत फोन केला. तिथले साहेब म्हणाले, संघर्ष आपल्या कार्यक्रमात बसत नाही, भिंत पुसून घ्या, सोनूची चित्रं पुढे लावा. आणि वर म्हणाले, तुमची नेमणूक अजून पक्की नाही हे लक्षात ठेवा.

मी चुन्याची बादली कालवली. हे मी इथे लिहिते आहे कारण मी उगाच शूरपणाच्या गोष्टी सांगत नाही. माझी नोकरी जाईल म्हणून नाही, खरंच नाही. कांताबाईचं काम जाईल, आणि ते एका चित्राने जाईल, आणि ते चित्र काढायला लावणारी मी उद्या सायकलवर बसून घरी जाईन. बापूराव त्या बाबतीत खरं बोलले होते. मी ब्रश बुडवला. मुलं मागे उभी होती, एकही हसत नव्हतं. बापूराव रस्त्यापलीकडे उभे. शेतातून पळत आलेल्या रंजनाने माझ्याकडे बघणं सोडून दिलं होतं, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तेवढ्यात कांताबाई आली. शेतातून तशीच, कमरेला रिकामी ओटी. कोणीतरी तिला निरोप दिला असेल. तिला वाचता येत नव्हतं. पण चित्राला अक्षर लागत नाही, म्हणून तर ते शिकवायचं होतं. ती भिंतीसमोर उभी राहिली. आधी काटा बघितला, मग चष्मा, मग गाठोडं. गाठोड्यावर ती थांबली. मग वेणीपाशी बसली आणि तांबड्या फितीवर बोट ठेवलं. फीत तिनेच घेऊन दिलेली असणार, बाजारातून.

उठली तेव्हा माझ्या हातातला ब्रश तिने घेतला.

“चष्मा पुसा, बाई,” ती म्हणाली. “त्यायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याले का हसाचं. पण गाठोडं राहू द्या. ते त्यायनं नाही बांधलं. म्या बांधलं.”

मग रस्त्यापलीकडे बघून, आवाज न चढवता:

“बापूराव, उद्यापासून माहं गाठोडं लहान येईन. मोजून घ्या.”

चष्मा मी पुसला, माझ्या हाताने, आणि पुसताना मला लाज वाटली. अब्बांनी सांगितलं होतं एक चीज मोठी कर, पण कोणती, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. ज्या गोष्टीत माणसाचा दोष नाही ती मोठी करून आम्ही लोळलो होतो, आणि मीही. आमचं दुःख मोठं करून दाखवणारे पाहुणे आम्हांला नको होते, आणि आम्ही तेच केलं होतं. रंजनाच्या चित्रात कोणी खलनायक नव्हता. म्हणून तर त्या चित्रासमोर माय उभी राहू शकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या आधी शेताकडे गेले. कापूस झाडाभर फुटलेला होता, आभाळ जरा घेरून आलं होतं, आणि अशा दिवशी चांगल्या हाताच्या बाईला परत पाठवणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे. बापूरावांनी कांताबाईला तिची ओळ दाखवली, मान दुसरीकडे ठेवून. ती वरचा वेचत गेली, मग गुडघ्यावर बसून खालचा, मग कमरेला हात लावून उभी, पुन्हा वरचा. तिची रांग मागे पडत गेली. मी बघत उभी होते, आणि कोणाचा हक्क कोणाच्या कमरेवर उभा असतो हे मला त्या दिवशी दिसलं, सगळ्या बारा चित्रांपेक्षा जास्त.

शाळेत रंजना पहिल्या बाकावर होती. दिवसभर खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी काट्यावर कांताबाईचं गाठोडं लहान आलं. बापूराव वजन बोलले. मुलाने लिहिलं. यावेळी कौतुक नव्हतं, टोमणाही नव्हता. मग आणखी एक बाई पुढे आली आणि तिचंही गाठोडं लहान होतं. तिसऱ्या बाईचं मोठंच होतं, आणि तिची पोरगी तिच्याजवळ उभी होती, खाली मान घालून. सगळ्या बायांनी एकदम केलं असं मी लिहिलं तर ते चांगलं वाचायला लागेल, पण तसं झालं नाही. दोघींनी केलं. त्या वर्षी दोघींनी.

पाहुणे आले. सोनूची चित्रं त्यांनी बघितली, भिंत बघितली. फोटोवाल्याने रंजनाला वेणीपाशी उभं केलं आणि जरा गंभीर हो म्हटलं. ती त्याच्याकडे बघून इतकं हसली की फोटो हलला. कुठे छापून आला नसेल. माझी नेमणूक पक्की झाली नाही, हंगाम संपला तशी ती संपली. अब्बा म्हणाले, चलो, तेरे नाम का एक बोर्ड कम, आणि मला बी.एड.चा फॉर्म आणून दिला.

रंजना सातवी पास झाली, आठवीला आर्णीला आली, बसने. पुढे बारावीपर्यंत शिकली आणि केळापूरकडे दिली. कलेक्टर झाली नाही. अशा गोष्टींचा शेवट कलेक्टरवर व्हावा असं ज्या लोकांना वाटतं, त्यांनी दुसरीकडे वाचावं. तिच्या सासरी चार एकर आहे, पऱ्हाटी असते, वेच्याला तीही जाते. तिची मुलगी आता सहावीत आहे.

भिंत अजून आहे. दरवर्षी झेंडावंदनाच्या आधी शाळेला चुना मारतात. गाठोडं पहिल्याच वर्षी गेलं, गेरू कितीसा टिकणार? काटा गेला, लिंबाची फांदी गेली. पण चुना ऑइलच्या रंगावर बसत नाही. पेंटरच्या पोरीला हे माहीत होतं का, असं मला मोठ्या सरांनी निवृत्त होताना विचारलं. मी हसले. दर पावसाळ्यात त्या जागेचा पापुद्रा सुटतो आणि दिवाळीपर्यंत, बरोबर वेच्याच्या वेळेला, पांढऱ्या भिंतीतून एक काळी वेणी खाली उतरते. शाळेतली आताची मुलं म्हणतात, भिंतीत एक पोरगी राह्यते. कोणी सांगितलं त्यांना, माहीत नाही.

परवा फळ्यावर ते चित्र काढल्यावर रंजनाला फोन लावला. ती शेतात होती, मागे बायांचा आवाज. इकडचं तिकडचं झाल्यावर मी दरवर्षी विचारते तेच विचारलं, खालची बोंडं कोण वेचतं आता?

“राहू देतो जी,” ती म्हणाली. “वाकता येते तेवढी वेचतो. बाकीची राहू देतो झाडाले.”

आता वेचा संपलेल्या शेतांत, पऱ्हाटीच्या बुडाशी, गुडघ्याखाली, थोडा कापूस राहिलेला दिसतो. रस्त्याने जाणारे म्हणतात, बाया आळशी झाल्या, मजूर नीट वेचत नाहीत, एवढं नुकसान. माझ्यासमोर कोणी म्हटलं तर मी स्कूटी थांबवते. मी त्यांना सांगते, तो कापूस कोणी विसरलेलं नाही. त्या उंचीचं माणूस आज शाळेत बसलं आहे.